इंग्लंडमध्ये नवीन आलात? दाढ दुखायच्या आधी एचसी १ भरा

व्हिसाच्या वेळी (बहुतेक व्हिसांना, विद्यार्थ्यांना कमी) प्रत्येक मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरला की इथे सगळे उपचार फुकट, असं आपल्याकडचे बहुतेक जण धरून चालतात. आम्ही २०१६ मध्ये आलो तेव्हा अधिभार बराच कमी होता, पण समज हाच होता. जीपी (म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर) आणि हॉस्पिटलपुरता तो खरा आहे. दातांना तो लागू नाही. अधिभार भरला असला तरी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, डेंटिस्टचं शुल्क वेगळं द्यावं लागतं.

मला हे पत्र आल्यावर कळलं. नवरा पीएचडी करत होता, मी एका दुकानात अर्धवेळ काम करायचे. दाढेत सिमेंट भरून घ्यायला गेले तेव्हा रिसेप्शनवर फॉर्म दिला. त्यात शुल्कमाफीचे रकाने होते. आमचं उत्पन्न कमी आहेच, असा विचार करून मी एकावर खूण केली आणि सही केली. काही महिन्यांनी पत्र आलं: मूळ शुल्क भरा, वर १०० पौंड दंड. २८ दिवसांत भरलं नाही तर आणखी ५०. त्या महिन्यात आम्ही भाडं उशिरा दिलं. पुढे कळलं की आम्ही तेव्हा अर्ज केला असता तर आम्हाला माफी मिळण्यासारखी होती. उत्पन्न कमी असणं पुरत नाही, हातात शुल्कमाफीचं सर्टिफिकेट लागतं. ते नसताना त्या रकान्यावर खूण करू नका. रिसेप्शनवरच्या बाईंनी “करा टिक” म्हटलं तरी नाही, कारण सही तुमची असते.

सर्टिफिकेटसाठी भरायचा तो एचसी १ फॉर्म. ऑनलाइन भरता येतो. घरातल्या दोघांचं उत्पन्न, भाडं, कौन्सिल टॅक्स, बचत सगळं विचारतात. बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर मदत मिळत नाही. हिशेबात बसलात तर एचसी २ येतं, म्हणजे एनएचएसचे दातांचे उपचार पूर्ण मोफत. थोडक्यात हुकलात तर एचसी ३ येतं, त्यावर तुम्ही जास्तीत जास्त किती द्यायचे ते लिहिलेलं असतं. एकाच सर्टिफिकेटवर जोडीदार आणि मुलंही येतात, आणि डोळ्यांची तपासणीही. औषधांच्या चिठ्ठ्या मात्र एचसी २ वरच येतात, एचसी ३ वर नाही. मुदत संपायच्या आधी पुन्हा अर्ज करा. आधीच पैसे भरले असतील तर पावती जपून ठेवा, भरल्यापासून तीन महिन्यांच्या आत एचसी ५ फॉर्मवर परतावा मागता येतो. 

आपली मंडळी इथेच अडतात. “सरकारी मदत घेतली तर व्हिसाला धोका” असं कोणीतरी ग्रुपवर टाकतं आणि चांगली शिकलेली माणसंही फॉर्म भरत नाहीत. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी पैशांचा आधार घेता येणार नाही) लिहिलेलं असतं ते युनिव्हर्सल क्रेडिटसारख्या भत्त्यांबद्दल. एनएचएसची ही शुल्कमाफी त्या यादीत नाही. काहींना फॉर्म भरायचीच लाज वाटते. मला राग येतो तो याचा, कारण हीच माणसं महिनोन्‌महिने एका बाजूने जेवतात.

एप्रिल २०२५ च्या दरांनी तपासणी आणि एक्स-रे २७.४० पौंड, भरणं, रूट कॅनाल किंवा दाढ काढणं ७५.३०, कॅप किंवा कवळी ३२६.७०. हे एका दाताचे दर नव्हेत. एका उपचारक्रमाला एकच शुल्क लागतं, म्हणून तीन दाढा भरायच्या असतील तर एकदमच भरून घ्या. वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

१८ वर्षांखालच्या मुलांचं मोफत. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर १२ महिने बाईचंही मोफत, मिडवाइफकडून त्याचं सर्टिफिकेट आठवणीने मागा.

खरी दमछाक डेंटिस्ट शोधण्यात होते. जीपीसारखं हद्दीचं बंधन नाही, त्यामुळे दोन गावं पलीकडेही फोन करा. “एनएचएसवर नवीन प्रौढ पेशंट घेता का?” एवढंच विचारायचं. खुर्चीत बसल्यावर दुसरा प्रश्न: “हे एनएचएसवर की प्रायव्हेट?” मागच्या दाढेला दाताच्या रंगाचं भरण सुचवतात ते बरेचदा प्रायव्हेट असतं, आणि प्रायव्हेटला एचसी २ चालत नाही. लेखी प्लॅन हातात आल्याशिवाय हो म्हणू नका. शहरात डेंटल हॉस्पिटल असेल तर तिथे विद्यार्थ्यांकडून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, मोफत उपचार होऊ शकतात. वेळ खूप जातो, पण काम नीट तपासून करतात.

“भारतात गेल्यावर करू” हे मात्र करू नका. आमच्या ओळखीच्या एकाने आठ महिने गोळ्यांवर काढले. तिकडे पोहोचला तेव्हा रूट कॅनालने वाचली असती ती दाढ काढावी लागली, आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुढचं काहीच उरकलं नाही. रात्री ठणका लागला आणि डेंटिस्ट नसेल तर १११ ला (एनएचएसचा मदतीचा नंबर) फोन करा, ते तातडीची अपॉइंटमेंट शोधून देतात. तिचं शुल्क तपासणीइतकंच असतं. नुसत्या दाढदुखीला ए अँड ई मध्ये (हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात) ताटकळू नका. पण सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर फोनवर वेळ न घालवता थेट तिथेच जा.