‘पाणी’ म्हणजे नेमकं कोणतं? पाऊस, विहीर आणि उपग्रहाच्या आकडेवारीतली नावं कशी जुळवावीत

खानदेशात कुणी ‘पानी उनं’ म्हटलं, की ऐकणारा आधी प्रसंग बघतो. जूनची संध्याकाळ असेल तर पाऊस आला. सकाळी बायका हंडे घेऊन धावत असतील तर नळाला आलं. रब्बीत पाटाच्या कडेला उभा असलेला माणूस बोलत असेल तर आवर्तन सुटलं. शब्द एक, पाणी तीन तऱ्हांचं, तरी कुणाची फसगत होत नाही.

एक्सेलची होते. यावल-रावेर पट्ट्यातल्या विहिरींच्या नोंदी आणि हतनूर धरणाची पातळी मी एकदा एकाच तक्त्यात घेतली. दोन्हीकडे रकान्याचं नाव ‘पाणीपातळी’, दोन्हीकडे एकक मीटर. आलेख काढला तर सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरी ऐन मे महिन्यात तुडुंब! धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून वर मोजतात आणि विहिरीची जमिनीपासून खाली, एवढं साधं मी बघितलं नव्हतं. विहिरीचा आकडा वाढला म्हणजे पाणी खोल गेलं.

अशा घोळावर भूविज्ञानात, हवामानशास्त्रात आणि जलशास्त्रात उपाय म्हणून ठरीव शब्दसंग्रह वापरतात. कोणत्या मोजमापाला काय म्हणायचं याची ती पक्की यादी असते, व्याख्येसकट. अडचण अशी की या याद्याही अनेक आहेत आणि त्या आपसांत जुळत नाहीत. गावाच्या जलसंधारणासाठी, कॉलेजच्या प्रकल्पासाठी किंवा केळीच्या बागेतलं हवामान केंद्र उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून बघण्यासाठी तुम्ही दोन-तीन ठिकाणची माहिती एकत्र करणार असाल, तर हे जुळवणीचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. त्याला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एक कोरी स्प्रेडशीट आणि थोडा चिवटपणा पुरतो.

पायरी १ : नावं अर्थासकट गोळा करा

प्रत्येक स्रोतातलं प्रत्येक नाव एका ओळीत, जसंच्या तसं उतरवा. मूळ स्पेलिंग चुकीचं असलं तरी सुधारू नका. पुढच्या रकान्यांत स्रोत, एकक, कालावधी आणि माहितीपुस्तिकेतली व्याख्या लिहा. व्याख्या पुस्तिकेतूनच घ्यायची, नावावरून ताडायची नाही.

का, ते बघा. युरोपच्या ‘इरा-५’ या हवामानाच्या आकडेवारीच्या संचात एकूण पर्जन्याचं नाव ‘टीपी’ आहे आणि एकक मीटर. तासाभरात २५ मिलिमीटर कोसळला तरी तिथे ०.०२५ दिसतं. रकाना दोन दशांशांवर ठेवलेला असेल तर रिमझिम पाऊस सरळ शून्य. ‘नासा पॉवर’ या नासाच्या हवामान-आकडेवारीच्या सेवेतला दैनिक पाऊस मिलिमीटर प्रतिदिन असतो. ‘आयमर्ज’ या उपग्रहाधारित संचाची फाइल असते अर्ध्या तासाची, पण आकडा मिलिमीटर प्रतितास. म्हणजे तिथे २० लिहिलं असेल तर त्या अर्ध्या तासात पडले १० मिलिमीटर. नुसती बेरीज करत गेलात तर पाऊस दुप्पट होतो.

पायरी २ : नाव फोडा

खरं काम इथे आहे. दोन याद्यांतले शब्द शेजारी ठेवून ‘हे तेच दिसतंय’ म्हणत रेघा मारायचा मोह होतो. त्याऐवजी प्रत्येक नावाला पाच प्रश्न विचारा. कोणता गुणधर्म मोजला? कशाचा? कुठे, म्हणजे किती उंचीवर, खोलीवर किंवा कोणत्या माध्यमात? किती वेळातला, आणि तो बेरीज, सरासरी, कमाल की त्या क्षणाचा? आणि कशाच्या तुलनेत? नावाची अशी फोड करण्याची ‘आय-अडॉप्ट’ नावाची आंतरराष्ट्रीय चौकटही आहे, पण हे पाच प्रश्न घरच्या कामाला पुरतात. वरच्या विहिरीत मी पाचव्या प्रश्नावर नापास झालो होतो.

तापमान घ्या. भुसावळच्या मे महिन्यातलं ‘तापमान’ म्हणजे हवेचं की जमिनीचं? काही उपग्रह संच भूपृष्ठाचं तापमान देतात. हवामान केंद्राचा तापमापक सावलीत, जाळीदार पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. भर दुपारी काळ्या रानात अनवाणी चालून बघितलेल्याला या दोहोंतला फरक वेगळा सांगायला नको. पण रकान्यांवर दोन्हीकडे ‘टेम्परेचर’च लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या प्रश्नाशिवाय ते सुटं होत नाही.

विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट याहून फसवं. काही प्रयोगशाळा ते ‘नायट्रेट’ म्हणून मोजतात, काही ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ म्हणून. दोन्ही मिलिग्रॅम प्रतिलिटर, दोन्हींचं बोलीतलं नाव एकच, आणि आकड्यांत ४.४३ पटीचा फरक. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे ती नायट्रेट म्हणून, तर अमेरिकेत १० आहे ती नायट्रोजन म्हणून. मर्यादा जवळपास सारखीच, मोजायची भाषा वेगळी. एखाद्या अहवालात १२ दिसलं आणि ४५ शी ताडून ‘पाणी चांगलं’ म्हटलं, पण ते १२ नायट्रोजन म्हणून असेल तर नायट्रेट झालं ५३. केळीच्या पट्ट्यात, जिथे खतं सढळ हाताने पडतात, तिथे ही चूक परवडणारी नाही.

आता पावसाची गंमत. इंग्रजी याद्यांत ‘रेनफॉल’ आणि ‘प्रेसिपिटेशन’ वेगळे आहेत. पहिल्यात फक्त पाऊस, दुसऱ्यात बर्फ, गारा सगळं. आपल्याकडे बर्फ कुठला, म्हणून सगळे ‘रेनफॉल’ निवडून मोकळे होतात. पण अवकाळीत गारपीट होते तेव्हा पर्जन्यमापकात पडलेली गार वितळते आणि पाऊस म्हणूनच मोजली जाते. म्हणून तालुक्याच्या पर्जन्यमापकाला मी ‘प्रेसिपिटेशन’कडे जोडतो. कुणाला हा काथ्याकूट वाटेल. गहू आडवा झालेल्या शेतकऱ्याला वाटणार नाही.

पायरी ३ : मधली एकच यादी ठरवा

सहा याद्या एकमेकींशी थेट जुळवायच्या म्हटल्या तर पंधरा जुळवण्या कराव्या लागतात. मध्ये एक यादी धरून बाकीच्या तिच्याशी जुळवल्या तर पाचांत भागतं. यावलचा माणूस आणि नवापूरचा माणूस आपापल्या घरची बोली सोडून बाजारात प्रमाण मराठीवर येतात, तसंच.

मधली यादी म्हणून मी ‘सीएफ’ प्रमाणनावं घेतो. सीएफ म्हणजे क्लायमेट अँड फोरकास्ट, हवामानाच्या आकडेवारीसाठी ठरवलेली नावांची यादी. प्रत्येक नावाला व्याख्या आणि ठरलेलं एकक असल्यामुळे पाच प्रश्नांपैकी बऱ्याचशांची उत्तरं तिथे आयती मिळतात. विहिरीसाठी ‘वॉटर टेबल डेप्थ’ हे नाव आहे आणि व्याख्येतच ‘पृष्ठभागाखाली’ असं म्हटलंय. हे मला वेळेवर दिसलं असतं तर मघाचा आलेख झाला नसता. नासाची ‘जीसीएमडी’ ही यादी वेगळ्या कामाची आहे. तिच्यात भूविज्ञान, त्याखाली वातावरण, त्याखाली पर्जन्य अशी उतरंड असते. ग्रंथालयातल्या विषयवारीसारखी ती माहिती शोधायला उत्तम, पण आकड्यांची बेरीज करायला अपुरी. दोन्ही ठेवा, पण वेगळ्या रकान्यांत.

इथे एक गाठ येते. ‘नासा पॉवर’ दिवसाच्या कमाल तापमानाला ‘टी-टू-एम-मॅक्स’ असं एकच नाव देतो. सीएफमध्ये तसं नाव नाही. तिथे नाव ‘एअर टेम्परेचर’, आणि ‘कमाल’ ही गोष्ट ‘सेल मेथड्स’ या दुसऱ्या खणात. कुणी सगळं एका नावात कोंबतं, कुणी दोन खणांत वाटतं. एकास एक जोडी शोधत बसलात तर सापडणार नाही. तुमच्या तक्त्यात सीएफ नावाशेजारी सेल मेथड्स आणि उंची यांचे दोन रकाने आधीच आखून ठेवा.

पायरी ४ : जोडी लावली, आता नातं लिहा

‘जुळलं’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर थांबू नका. शब्दयाद्या एकमेकींशी जोडण्याचं ‘स्कॉस’ हे वेबवरचं मानक २००९ पासून आहे. त्यातली पाच नाती मी मराठीत अशी लिहितो : तंतोतंत, जवळचं, व्यापक, मर्यादित, नुसतंच संबंधित.

रावेरच्या केंद्रावरचं कमाल तापमान आणि ‘नासा पॉवर’चं कमाल तापमान तंतोतंत वाटतील, पण नाहीत. एक सव्वा मीटरवर एका जागी प्रत्यक्ष मोजलेलं, तर दुसरं दोन मीटरवरचं, मॉडेलने काढलेलं, पन्नास-साठ किलोमीटरच्या चौकटीची सरासरी. त्या चौकटीत केळीची बागही येऊ शकते आणि सातपुड्याचं जंगलही. म्हणून नातं ‘जवळचं’. फळपीक विम्यासारख्या ठिकाणी निर्णय तापमानाच्या उंबरठ्यावर ठरतो. तिथे ‘जवळचं’ला ‘तंतोतंत’ लिहिणं म्हणजे कुणाच्या तरी खिशात हात घालणं.

‘तंतोतंत’ नातं साखळीने पुढे जातं : अ बरोबर ब, ब बरोबर क, तर अ बरोबर क. ‘जवळचं’ तसं जात नाही. शेजाऱ्याचा शेजारी आपला शेजारी असेलच असं नाही. आणि व्यापक-मर्यादित लिहिताना दिशा सांभाळा. ‘रेनफॉल’च्या ओळीत ‘व्यापक : प्रेसिपिटेशन’ लिहिलं, तर प्रेसिपिटेशन मोठं. मी हे दोनदा उलटं लिहून बसलोय.

पायरी ५ : एकक आणि तारीख

एककांचं काम सोपं आहे, फक्त रूपांतर वेगळ्या रकान्यात करा, मूळ आकडा पुसू नका. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). हजार क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) म्हणजे २८.३ क्युमेक (घनमीटर प्रतिसेकंद). टीएमसी हा साठा आणि क्युसेक हा वेग, बातम्यांत दोन्ही ‘पाणी’च असतं. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर साधारण ११,५७४ क्युसेक अखंड चालावे लागतात.

तारीख मात्र घात करते. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि त्याच दिवसाच्या नावावर लिहितात. १४ जूनच्या संध्याकाळी अमळनेरला झोडपलं तर नोंद १५ जूनची. ‘इरा-५’ची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि आपले साडेआठ म्हणजे तिथले पहाटेचे तीन. त्या संचात प्रत्येक आकडा त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो. म्हणून १५ जूनच्या नोंदीशी ताडायला १४ तारखेच्या ०४ पासून १५ तारखेच्या ०३ पर्यंतचे चोवीस आकडे मिळवा.

पायरी ६ : आठवणीतल्या दिवसावर तपासा

तक्ता झाला की गावात सगळ्यांना आठवणारा एक दिवस घ्या. नाल्याला पूर आला तो, किंवा गारपिटीचा. त्या दिवसाचे सगळ्या स्रोतांचे आकडे शेजारी मांडा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, पण हजारपट, दुप्पट किंवा एक दिवस मागेपुढे असा फरक असेल तर चूक निसर्गाची नाही, पायरी १ ते ५ मध्ये आहे. मग मे आणि ऑक्टोबरमधली विहिरींची खोली बघा. मेमधला आकडा मोठा हवा.

पायरी ७ : आवृत्ती लिहा, उरलेलं तसंच ठेवा

याद्या बदलत राहतात. सीएफमध्ये नाव बदललं तरी जुनं नाव पर्याय म्हणून राहतं, पण तुम्ही कोणत्या आवृत्तीवर काम केलं ते तारखेसह नोंदवा. आपल्या जिल्ह्यांचं उदाहरण समोरच आहे. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशातली काही गावं १९६० मध्ये गुजरातेत गेली, राहिलं ते धुळे, आणि १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार निघालं. १९९५ च्या तक्त्यातलं ‘धुळे’ आणि २००५ च्या तक्त्यातलं ‘धुळे’ अक्षरशः एकच, पण क्षेत्र वेगळं. जिल्ह्याची सरासरी ताडताना हे नातंही ‘मर्यादित’ म्हणून लिहावं लागतं.

काही नावं शेवटपर्यंत जुळणार नाहीत. एका जुन्या शेतकऱ्याच्या वहीत मला पावसाची नोंद अशी मिळाली : ‘मृगात चार बोटं ओल’. गुणधर्म खोली, माध्यम माती, कालावधी एक नक्षत्र. सीएफमध्ये याला जोडी मला सापडली नाही. बोटांचे मिलिमीटर करून पावसाच्या रकान्यात टाकता आलं असतं, पण काळ्या रानातली चार बोटं आणि मुरमाड रानातली चार बोटं सारख्या पावसाची नसतात. मी नात्याच्या रकान्यात ‘नुसतंच संबंधित’ लिहिलं, आणि सीएफ नावाचा रकाना कोरा ठेवला.