मित्र जीव द्यायच्या विचारात असेल, तर या चुका टाळा

"माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतो", "मी नसलेलंच बरं" असं जवळचं माणूस बोलू लागलं की आपण घाबरतो आणि विषय बदलतो. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून अनेकांना मोकळं वाटतं. एकांतात, सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" "असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" असं मात्र नको. त्यावर तो "नाही" म्हणून मोकळा होतो आणि बोलणं तिथेच संपतं.

तो "हो" म्हणाला, की आपल्या तोंडी येतं, "अरे, आईवडिलांचा तरी विचार कर!" हे वाक्य गिळा. आपण सगळ्यांना ओझं झालोय असं ज्याला वाटतंय, त्याला यातून अपराधीपणाच मिळतो. "कधीपासून वाटतंय असं?" एवढं विचारा आणि ऐका. तो गप्प झाला तर गप्प राहू द्या, उपदेश सुरू करू नका. मग विचारा, कधी, कसं ते ठरवलंय का? ठरलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. जिवाला धोका होईल असं काही त्याच्या हाताशी ठेवू नका. 112 ला फोन करा किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. अशी तीव्र लाट पुष्कळदा ओसरते, म्हणून तेवढा वेळ निभावून नेणं फार मोलाचं.

"कुणाला सांगणार नाहीस, शपथ घे" म्हणाला तर शपथ घेऊ नका. "जिवाचा प्रश्न आहे, मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगायचं ते दोघं मिळून ठरवू," म्हणा. तो रागावला तरी चालेल. एकट्याने सगळं पेलायला जाऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भारतात मोफत आणि चोवीस तास सुरू असतो. काळजीत असलेल्या मित्रानेही तिथे फोन करावा. "डॉक्टरांना दाखव" एवढं सांगून सुटू नका. अपॉइंटमेंट घ्या, सोबत जा.

खचलेला माणूस एकाएकी शांत झाला, आवडत्या वस्तू वाटू लागला, तर निर्धास्त होऊ नका. त्याच दिवशी पुन्हा विचारा. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडेही जोखमीचे असतात. "काही लागलं तर सांग" असं म्हणून थांबू नका, मागायचं बळ तेव्हा नसतं. "संध्याकाळी येतोय" असा मेसेज करा आणि खरंच जा.