कोन्स्टान्झ पाहावे ते सीमेच्या कडेकडेने चालत

जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बोडेनझे सरोवरातून ऱ्हाईन नदी बाहेर पडते तिथे कोन्स्टान्झ हे सुमारे 85 हजार वस्तीचे शहर आहे. त्याचा जुना भाग नदीच्या दक्षिण काठावर असल्यामुळे तो तीन बाजूंनी पाणी आणि स्वित्झर्लंड यांनी वेढलेला आहे, आणि क्रॉइत्सलिंगेन हे स्विस शहर त्याला इतके चिकटून आहे की काही गल्ल्यांमध्ये एका घराचे अंगण एका देशात आणि पलीकडचे कुंपण दुसऱ्या देशात येते. बहुतेक प्रवासी इथे फुलांचे माइनाउ बेट पाहतात, बंदरावर छायाचित्रे काढतात आणि परततात. माझ्या मते या शहराची खरी ओळख त्याच्या सीमेत आहे, म्हणून पहिला दिवस पायी, सीमेच्या अंगाने घालवावा आणि बेटे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत.

झ्युरिकहून येणाऱ्यांसाठी विमानतळावरूनच थेट गाडी आहे आणि प्रवासाला साधारण तासभर लागतो. कोन्स्टान्झच्या स्थानकात जर्मन आणि स्विस अशा दोन्ही रेल्वेगाड्या येतात. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने एकाच व्हिसावर इकडून तिकडे जाता येते. तरीही पासपोर्ट आणि निवासपरवाना खिशात असू द्यावा, कारण 2023 पासून जर्मनीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे आणि रेल्वेतही पोलीस कागदपत्रे मागतात. आणखी एक खबरदारी मोबाइलची. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे जर्मन सिमवरची रोमिंगची सवलत तिथे लागू असेलच असे नाही. जुन्या शहराच्या कडेला फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो आणि तुम्ही जर्मनीतच उभे असताना बिल वाढू लागते. स्थानकावर उतरताच डेटा रोमिंग बंद करावे किंवा नेटवर्क हाताने निवडून ठेवावे.

सुरुवात बंदरापासून करावी. तिथली लाल कौलांच्या उंच छपराची भक्कम इमारत 1388 मध्ये मालाचे कोठार म्हणून बांधली गेली. एकाच वेळी तिघे जण पोपपदावर हक्क सांगत असल्याने चर्चमध्ये पडलेली फूट मिटवण्यासाठी 1414 ते 1418 या काळात कोन्स्टान्झला धर्मपरिषद भरली होती आणि 1417 मध्ये याच इमारतीत पाचवे मार्टिन यांची पोप म्हणून निवड झाली. त्याच परिषदेने प्रागचे सुधारक यान हुस यांना पाखंडी ठरवले. सम्राटाचे अभयपत्र घेऊन ते आले होते, तरी त्यांना अटक झाली आणि 6 जुलै 1415 रोजी जिवंत जाळण्यात आले. जुन्या शहराच्या पश्चिमेला त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेली काळी शिळा आहे. तिथपर्यंत अवश्य चालत जावे, कारण परिषदेच्या वैभवाची दुसरी बाजू तिथे गेल्यावरच मनाला भिडते. बंदराच्या टोकाशी इम्पेरिया हा पेटर लेंक यांनी घडवलेला नऊ मीटर उंचीचा पुतळा 1993 पासून स्वतःभोवती संथपणे फिरतो आहे. या गणिकेच्या एका तळहातावर राजमुकुट घातलेला आणि दुसऱ्यावर पोपचा मुकुट घातलेला असे दोन नागडे, खुजे पुरुष बसलेले आहेत. पुतळ्याची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे चार मिनिटे लागतात, तेवढा वेळ थांबल्यास तो सर्व बाजूंनी नीट पाहता येतो.

तिथून सरोवराच्या काठाने दक्षिणेकडे काही मिनिटे चालले की क्लाइन व्हेनेडिग नावाचे मोकळे मैदान लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेले तारेचे कुंपण इथे अनेक दशके होते. 2006 मध्ये ते उतरवले गेले आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी योहानेस ड्योर्फ्लिंगर यांची 22 धातुशिल्पे उभी राहिली. टॅरोच्या पत्त्यांवर आधारलेली ही उंच लालसर शिल्पे बरोबर सीमारेषेवर आहेत, म्हणजे शिल्पाच्या एका अंगाला जर्मनी आणि दुसऱ्या अंगाला स्वित्झर्लंड. मधे ना फाटक आहे ना शिपाई, आणि सायकलवरून शाळेत जाणारी मुले त्यांच्यामधून सहज निघून जातात. पण 2020 च्या वसंतात साथीमुळे सीमा बंद झाली तेव्हा याच गवतावर पुन्हा जाळीचे कुंपण आले. लोक जाळीतून हात धरतात हे पाहून काही अंतरावर दुसरे कुंपण घातले गेले. लग्न ठरलेली जोडपी, आजीआजोबा आणि नातवंडे मधली पट्टी सोडून एकमेकांशी बोलत उभी राहत. मे महिन्यात ती कुंपणे निघाली. ही हकीकत ठाऊक असली की हे मैदान साधे उद्यान वाटत नाही.

इथून पश्चिमेकडे सीमेलगतच्या रस्त्याने गेल्यास आणखी एक जागा पाहावी. म्युनिकमध्ये हिटलरला मारण्यासाठी बॉम्ब पेरणारे गेओर्ग एल्झर 8 नोव्हेंबर 1939 च्या रात्री स्वित्झर्लंडमध्ये निसटण्याच्या प्रयत्नात याच सीमेवर पकडले गेले. बॉम्ब फुटायला तेव्हा अर्ध्या तासाहून थोडाच अधिक अवधी होता. तो फुटला तेव्हा हिटलर मात्र ठरल्यापेक्षा लवकर सभा सोडून गेला होता. सीमा अगदी हाकेच्या अंतरावर होती, हे तिथे उभे राहिल्यावर कळते आणि गलबलून येते. महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले नाहीत. शेजारच्या स्विस वस्तीप्रमाणे इथलेही दिवे चालू ठेवल्यामुळे वैमानिकांना दोन शहरे वेगळी ओळखता आली नाहीत, असे त्याचे कारण सांगितले जाते. म्हणूनच म्युन्स्टर या मोठ्या चर्चच्या मागचा नीडरबुर्ग हा अरुंद गल्ल्यांचा मध्ययुगीन भाग आजही अभंग आहे.

खरेदी शनिवारी टाळावी. त्या दिवशी स्वस्ताईसाठी स्विस ग्राहकांची रीघ लागते आणि रस्ते तुंबतात. रविवारी दुकाने बंदच असतात. झ्युरिक परिसरात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी मूल्यवर्धित कराच्या परताव्यासाठी 50 युरोंहून अधिकच्या बिलासोबत दुकानातून निर्यातीची पावती मागावी, तिच्यावर जर्मन सीमाशुल्क चौकीत शिक्का घ्यावा आणि पुढच्या फेरीत ती दुकानात परत द्यावी. स्वित्झर्लंडमध्ये नेण्याच्या मालाची करमुक्त मर्यादा 2025 पासून माणशी 150 फ्रँक आहे, तर मांस माणशी एक किलोपर्यंतच शुल्क न भरता नेता येते.

जेवणात शाकाहारी मंडळींनी ड्युनेले ही पातळ, भट्टीत भाजलेली रोटी मागावी. वर भाज्या घातलेली मिळते, मात्र नेहमीच्या प्रकारात डुकराचे मांस असते, म्हणून आधी विचारून घ्यावे. फेल्खेन हा इथला प्रसिद्ध मासा, पण त्याची संख्या घटल्याने सरोवराच्या मुख्य भागात 2024 पासून तीन वर्षांची मासेमारीबंदी लागू झाली. ताटात आलेला मासा कुठला आहे, हे विचारायला संकोच करू नये.

दुसऱ्या दिवशी माइनाउ आणि रायखेनाउ यांपैकी एकच बेट निवडावे. एप्रिल-मे महिन्यांत ट्यूलिपसाठी किंवा सप्टेंबरात डेलियासाठी माइनाउ उत्तम आहे. एरवी मी रायखेनाउ सुचवेन. तिथला मठ 724 मध्ये स्थापन झाला, बेटाला 2000 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि ओबरत्सेलच्या सेंट गेओर्ग चर्चमधली हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे पाहण्यासाठीच लांबून येणे सार्थ ठरते. उन्हाळ्यात या चर्चमध्ये मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो, तेव्हा वेळ आधी पाहून ठेवावी. चर्चभोवती भाजीपाल्याची शेते आणि काचघरे आहेत. रस्त्याकडेच्या टपरीवर ताजे टोमॅटो मिळाले तर जरूर घ्यावेत.

दुपारी पोहायचे असल्यास हॉर्न येथील विनाशुल्क किनारा गाठावा, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरच्या नारिंगी इशारादिव्यांकडे लक्ष द्यावे. दिवा मिनिटाला 40 वेळा लुकलुकत असेल तर जोराच्या वाऱ्याची शक्यता असते. 90 वेळा लुकलुकू लागला तर वादळ येऊ घातलेले असते, तेव्हा पोहणाऱ्यांनी आणि होडी भाड्याने घेतलेल्यांनी ताबडतोब काठावर यावे.