कूलरच्या खोलीसाठी तापमान-आर्द्रता मापक

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला, तरी हवा कोरडी असल्यामुळे कूलर खोली चांगली गार करतो. पावसाळ्यात मात्र तोच कूलर दमटपणा वाढवतो. म्हणून रास्पबेरी पाय या एकाच बोर्डवरच्या छोट्या संगणकाला जोडण्यासाठी तापमानाबरोबर आर्द्रताही मोजणारा डीएचटी२२ हा सेन्सर घ्यावा.

जोडणी रास्पबेरी पाय बंद करूनच करावी. सेन्सरची विजेची तार बोर्डच्या १ क्रमांकाच्या, म्हणजे ३.३ व्होल्टच्या पिनला, डेटाची ७ क्रमांकाच्या आणि ग्राउंडची ६ क्रमांकाच्या पिनला लावावी. सेन्सर सुटा, चार पायांचा असेल, तर वीज आणि डेटा यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. डेटाच्या पिनवर ५ व्होल्ट कधीही येऊ देऊ नयेत. बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

प्रोग्राममध्ये दोन नोंदींत किमान २ सेकंदांचे अंतर ठेवावे.

सर्वांत जास्त काळजी जागा निवडताना घ्यावी. बोर्ड स्वतः तापतो, म्हणून सेन्सर त्याच्यापासून हातभर लांब, कूलरच्या झोताबाहेर आणि उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपासून दूर टांगावा. कूलर चालू असताना आर्द्रतेचा आकडा सतत चढत राहिला, तर समोरची खिडकी थोडी उघडावी.