प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर काय लिहाल?

माझ्याकडे नवा विद्यार्थी आला की पिपेट हातात देण्याआधी मी एक काम सांगते: हे संशोधन कोणासाठी करतोयस, ते प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिही. ‘विज्ञानासाठी’ चालणार नाही. माझ्या वहीत आईच्या थरथरत्या हातातली कपबशी आहे. सलग तीन आठवडे पीसीआर (डीएनएच्या भरपूर प्रती काढण्याची पद्धत) फसतो, तेव्हा मी ते पान उघडते.

मग नमुन्यामागचा माणूस बघा. उणे 80 अंशांच्या फ्रीजरमधल्या नळीवर फक्त क्रमांक असतो, आणि गोपनीयतेसाठी तो तसाच हवा. पण रीतसर परवानगी घेऊन, रक्त घेणाऱ्या परिचारिकेशेजारी एक सकाळ बसा. अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार होता. त्या व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांकडे वर्षानुवर्षे जात राहिल्या. त्या कुटुंबांनी दिलेल्या रक्ताच्या आधारे 1983 मध्ये चौथ्या गुणसूत्रावर या आजाराच्या जनुकाचा माग लागला, 1993 मध्ये जनुक हाती आलं.

एक मात्र सांभाळा: ओढ जितकी जास्त, तितकं हवं तेच दिसण्याचं भय जास्त. म्हणून कोणती नळी कोणत्या गटातली, ती यादी सहकाऱ्याकडे ठेवा आणि मोजणी संपल्यावरच मागा. बदल्यात, त्या सहकाऱ्याच्या पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात ते माध्यम रविवारी बदलायचं असेल, तर तुम्ही जा.