आजोबांचं हिमोग्लोबिन सारखं पडते, तर काय बघायचं

साठीनंतर हिमोग्लोबिन वारंवार पडत असलं की आपल्या नागपुरात दोनच निदानं घरीच होतात, सावजी खाल्लं म्हणून मूळव्याध नाहीतर सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. तिसरंही असते बाप्पा. आतड्यातल्या बारीक रक्तनळ्या फुगून वेड्यावाकड्या होतात, त्याला अँजिओडिस्प्लेसिया म्हणतात, बहुतेकदा मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, आणि तिथून थेंबथेंब रक्त जात राहते, पोट दुखत पण नाही.

आधी शौचाचा रंग बघा. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची असली तर लगेच दाखवा, पण लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, म्हणून डॉक्टरला गोळ्यांची चिठ्ठी दाखवाच. रंग नॉर्मल असला तरी रक्त जात असू शकते, त्याची वेगळी तपासणी असते.

मग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे शौचाच्या जागेतून मोठ्या आतड्याची दुर्बीण. पोट साफ व्हायचं औषध पूर्ण प्या, कंटाळा करू नका, नाहीतर त्या फुगलेल्या नळ्यांचा एवढासा लाल ठिपका दिसतच नाही. दोन्ही नॉर्मल आले तर लहान आतड्यासाठी कॅप्सूल एंडोस्कोपीचं विचारा, त्यात कॅमेऱ्याची गोळी गिळायची असते. ठिपका सापडला तर बहुतेकदा दुर्बिणीतूनच आर्गॉन गॅसने जाळतात, पण पुन्हा रक्त जाऊ शकते, म्हणून सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ततपासणी, करत राहायचं.

आता दुर्मिळ भानगड. चालताना दम लागते, चक्कर येते, तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कराच, कारण हृदयाची महाधमनीची झडप अरुंद असली की रक्त गोठवणारं एक प्रथिन तिथेच तुटते आणि आतड्यातून रक्त जाते, याला हाईड सिंड्रोम म्हणतात, 1958 पासून माहीत आहे. झडप बदलली की बरेचदा रक्त थांबते.

रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद नका करू. आणि लाल रक्त भसाभसा गेलं, घाम फुटला, तर ओपीडीचा नंबर लावत बसू नका, १०८ ला फोन करून सरळ कॅज्युअल्टी.