तिकिटावरची वेळ आणि विमानातले खरे तास

मुंबईहून लंडनला दुपारी 1:30 ला निघून संध्याकाळी 6:30 ला पोहोचणारं तिकीट दिसलं की 'अरे वा, पाचच तास!' असं वाटतं. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे खरा प्रवास साडेदहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, मग फरक साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेपाच. घ्यायला येणाऱ्याला वेळ कळवताना हा एक तास हमखास चुकतो.

अंतरावरून अंदाज हवा असेल तर किलोमीटरला 800 ने भागा आणि वर 30-40 मिनिटं धरा. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,140 किलोमीटर, म्हणजे साधारण दोन-सव्वादोन तास. वरची मिनिटं धावपट्टीपर्यंत सरकण्यात, चढण्या-उतरण्यात जातात. रस्त्याचं अंतर मात्र इथे धरू नका, ते बरंच जास्त भरतं.

लांबच्या प्रवासात जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे लंडनहून परतताना बहुधा तासभर वाचतो. आईबाबा पहिल्यांदाच एकटे जाणार असतील तर त्यांच्या कागदावर दोन्ही वेळा लिहून द्या: तिथली आणि भारतातली. गोळ्यांची वेळ भारतातल्या घड्याळावरून पाहणं त्यांना सोपं जातं.